नाकाच्या शेंड्यावरचा फोड

माझी मावशी नागीण बांधायची. नागीण म्हणजे रानातली नव्हे, अंगावर येते ती. कमरेवर, बरगडीवर, कधी मानेवर, अंगाच्या एकाच बाजूला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा उठतो आणि निखारा ठेवल्यासारखी आग होते. तिचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं की माणूस जातो, असं आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ते भिडू नये म्हणून ती बांधायची.

मावशीचं नाव आक्काबाई. गाव नेवाशाजवळ, प्रवरेच्या काठी. ऊस, कांदा, दोन म्हशी, बऱ्यापैकी चाललेलं घर. मावशीचा नवरा तरुणपणीच विजेच्या मोटारीला चिकटून गेला. पदरात एकच मुलगा, आबासाहेब. विधवा सुनेला गावात कोणी मोजणार नाही हे तिच्या सासूने ओळखलं असावं, कारण मरण्याआधी तिने आपल्याजवळची नागीण बांधायची विद्या लेकींना न देता हिला दिली. तेव्हापासून मावशीला गावात मान मिळाला, आणि तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

रविवारी आणि बुधवारी सकाळी तिच्या ओट्यावर माणसं बसलेली असत. श्रीरामपूर, गंगापूर, पैठणपासून यायची. एकदा तर मी तिथे शर्ट वर करून बसलेला हवालदार पाहिला. मावशी सहाणेवर गेरू उगाळायची, दुर्वेच्या काडीने फोडांच्या एका टोकाला रेघ ओढायची, ते तोंड बांधलं. दुसऱ्या टोकाला ओढायची, ते शेपूट तोडलं. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची आणि शेवटी डोक्यावर हात ठेवायची. तोंडाची मात्र भारी फटकळ. एक पहिलवानगडी रेघ ओढताना कण्हायला लागला, तर म्हणाली, "गप बस की. तुझ्या बायकूनं बाळंतपनात एवढा आवाज केला न्हवता, मी हुते तिथं." ओटाभर माणसं हसली, तोही हसला. त्या हसण्यानेच अर्धं दुखणं हलकं होत असणार, हे मी नाकारत नाही.

नियम मात्र कडक होते. फोडांना पाणी लावायचं नाही. मीठ-मिरची बंद. कुठलंच औषध घ्यायचं नाही, कारण औषधाच्या उष्णतेने नागीण चवताळते आणि आत शिरते. बांधणाऱ्याने काही घ्यायचं नाही, नारळसुद्धा नाही. बांधणाऱ्याने आजाऱ्याच्या दारी जायचं नाही, आजाऱ्याने यायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम, आपल्या रक्तावर हात चालत नाही. लेकाला, नातवाला, भावाला आपण बांधायचं नाही. बांधली तर उलटते.

मी नगरला सावेडीत शिवणकामाचं दुकान चालवते. शहरात राहून मी दीडशहाणी झाले असं मावशीचं मत. ते खरं असेलही, पण मला एक गोष्ट कळत होती. नागीण बहुतेकांची आपोआपच बरी होते. दोन-तीन आठवड्यांत फोड वाळतात, खपल्या पडतात, मग गेरू लावा नाहीतर चुना लावा. हेच मावशीच्या पथ्यावर पडलं होतं. ज्यांची आग फोड गेल्यावरही महिनोन्‌महिने राहायची, त्यांना ती विचारायची, "मीठ खाल्लं हुतंस ना?" आणि कोणी ना कोणी कधी ना कधी मीठ खाल्लेलंच असायचं.

आबासाहेब, म्हणजे माझा आबादादा, दुधाचा टँकर चालवायचा. गावोगावच्या शीतकरण केंद्रांवरून दूध भरून पुण्याला न्यायचं. पन्नाशीला आलेला, अंगाने थोराड आणि स्वभावाने म्हशीसारखा गरीब. आईच्या शब्दाबाहेर तो आयुष्यात गेला नाही. साखर वाढलेली होती, गोळ्या खायचा, कधी विसरायचा. टँकरचा त्याला इतका लळा की केबिन रोज आतून फडक्याने पुसायचा, बायको दिपाली म्हणायची, घरातली चूल कधी पुसली नाही या माणसाने.

गेल्या उन्हाळ्यात त्याचं कपाळ दुखायला लागलं. उजवीकडचं अर्धं. भुवईपासून वर केसांत जाणारी कळ. मेडिकलमधून गोळ्या घेतल्या, उन्हाचं चढलं असेल म्हणून डोक्याला कांदा लावला. केसांतून कंगवा फिरवला तरी जीव जायचा. आणि एका बुधवारी सकाळी त्या अर्ध्या कपाळावर लालसर पुरळ उठलं, त्यावर पाणीदार फोड. बरोबर कपाळाच्या मधल्या रेघेला येऊन थांबलेले. डावीकडे एकही नाही.

मावशीने पाहताक्षणी ओळखलं. आयुष्यभर हेच पाहिलेलं. "नागीण हाय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी एक फोड नाकाच्या शेंड्यावर आला. दिपाली घाबरली, म्हणाली, "आत्याबाई, तोंडावर पसरायली. नगरला नेऊ या का?" आणि मावशीने तो फोड नीट निरखून पाहिला आणि सुटकेचा श्वास सोडला.

हे मला दिपालीने नंतर सांगितलं, आणि ते आठवलं की माझं डोकं अजून फिरतं. मावशीचा हिशेब असा होता, की नागिणीचं शेपूट वर केसांत आहे आणि तोंड खाली नाकाच्या शेंड्यावर आलंय. कमरेची नागीण वेढा घालते, ही घालू शकत नाही. तोंड आणि शेपूट भिडायचा प्रश्नच नाही. म्हणजे जिवाला धोका नाही, म्हणजे घाई नाही.

घाई नव्हती म्हणून तिने नियम पाळला. आपल्या रक्तावर हात चालत नाही, तेव्हा दुसरा बांधणारा पाहायचा. शेवगावच्या बाजूला एक म्हातारा होता, मावशीच्या सासूच्या माहेरचा. तो फक्त रविवारी बांधायचा. तो दिवस गुरुवार, रविवार लांब. थांबले. मेडिकलमधल्या गोळ्याही मावशीने बंद केल्या, नागीण चवताळू नये म्हणून. साखरेच्यासुद्धा बंद केल्या. औषध ते औषध.

रविवारी आबादादाचा डोळा सुजून पार मिटला होता. दिपालीचा भाऊ त्याला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन गेला. म्हाताऱ्याने कपाळावर रेघा ओढल्या, आणि डोळ्याकडे सरकू नये म्हणून मिटलेल्या पापणीवर गेरूचा जाड थर दिला. पुढचे दोन रविवार परत यायचं, तोवर पाण्याचा थेंब लावायचा नाही. आता त्या पापणीखाली काय चाललंय हे बघणार कोण? वरून गेरू वाळून टणक झालेला. आत आबादादाचा डोळा सडत होता आणि घरातली सगळी माणसं गेरूच्या रंगाकडे बघून बरं वाटतंय का विचारत होती.

मला कोणी कळवलं नाही. दिपालीने शेवटी म्हशींच्या गोठ्यातून चोरून फोन केला. "ताई, हे रडत्यात. ह्यांना मी कधी रडताना पायलं न्हाई."

मी दुकान शेजारणीवर टाकून गाडी ठरवली आणि गेले. आबादादा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. पंखा बंद, कारण वारा कपाळाला लागला तरी तो ओरडायचा. मी म्हणाले, "उठ दादा, गाडी उभी आहे." तर मावशी दारात आडवी उभी राहिली.

"इंदे, एक रविवार झालाय, दोन राह्यलेत. आता औषध पोटात गेलं तर ती आत शिरंल. आत शिरली की मेंदूत जाती. तुला माज्या लेकाला मारायचंय का?"

"मावशी, तो असाच मरतोय."

"मी जिल्ह्याच्या नागिनी बांधल्यात. तू काय बांधलंस? झंपर?"

मीही तोंड आवरलं नाही. म्हणाले, त्या सगळ्या आपोआप गेल्या, तू नुसती रंगवत बसलीस. हे तिला आजवर कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ही मला मारते. दिपाली मधे पडून रडायला लागली. आबादादाला मी विचारलं, तुझं तू सांग, येतोस का? तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "आई म्हनंल तसं."

अडलं सगळं तिथेच. मी संतापून बाहेर निघाले. एवढ्यात आतून त्याचा आवाज आला. भांडण चाललं असताना त्याने बोटांनी पापणी ओढून उघडली होती. गेरूचे तुकडे उशीवर पडले होते.

"आई," तो म्हणाला, "लाइट लावलीय का?"

दुपारची वेळ होती. खिडकीतून ऊन थेट त्याच्या तोंडावर पडलं होतं. त्याने डावा डोळा तळहाताने झाकला होता आणि उजव्याने बघत होता.

मावशी दारातून बाजूला झाली. मग खुंटीवरचं त्याचं उपरणं काढून माझ्या हातात दिलं, आणि गाडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.

दवाखान्यात डोळ्यांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने कापूस भिजवून भिजवून तो गेरू काढला, त्यालाच केवढा तरी वेळ लागला. मग यंत्राला हनुवटी टेकवून डोळ्यात पाहिलं.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने मावशीला समोर बसवून समजावलं. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचे विषाणू अंगातून जात नाहीत, एखाद्या नसेच्या मुळाशी झोपून राहतात. वय झालं, साखर वाढली, ताकद कमी झाली की जागे होतात आणि त्याच एका नसेवरून कातडीवर येतात. नस एका बाजूची, म्हणून फोडही एका बाजूला. वेढा घालत नाहीत, म्हणून तोंड आणि शेपूट भिडून कोणी मरत नाही. यावर गोळ्या आहेत. फोड दिसल्यापासून दोन-तीन दिवसांत सुरू केल्या तर सगळ्यांत चांगला गुण येतो. उशीर झाला तरी यायचंच, पण कपाळावर आली की वाट बघायचीच नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचं.

"आणि आजी, नाकाच्या शेंड्यावर फोड आला होता ना? खूण दिसतेय."

मावशीने मान हलवली.

"नाकाच्या शेंड्याकडे जी नस जाते, तीच डोळ्यात जाते. तिथे फोड आला की समजायचं, आता डोळा धोक्यात आहे. त्या दिवशी आणलं असतं तर बहुतेक वाचला असता."

मी मावशीकडे पाहिलं नाही. मला पाहवलंच नाही. त्या फोडाकडे बघून तिने सुटकेचा श्वास सोडला होता.

आबादादाला ठेवून घेतलं. सलाइनमधून औषध, गोळ्या, डोळ्यात थेंब, साखर पाहिली तर आभाळाला भिडलेली. फोड वाळले. डोळा जागेवर राहिला, पण बुबुळावर फूल पडलं, पांढरं, उकडलेल्या अंड्यासारखं. त्या डोळ्याने आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. दुसऱ्याचं बुबुळ बसवायचं म्हटलं तर त्या डोळ्याची जाणीवच मेलीय, टिकेल याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाली. कपाळाची आग राहिली. तिच्यासाठी वेगळ्या गोळ्या आहेत, त्यांनी सुस्ती येते, दुखणं निम्म्यावर येतं. वारा लागला, टॉवेल घासला गेला, कोणी चुकून हात लावला की तो दातावर दात धरून बसतो.

टँकर गेला. एका डोळ्याच्या माणसाला अवजड गाडी कोण देणार? दुसरा ड्रायव्हर आला. ती गाडी गावातून जाताना हॉर्न वाजवायची, ओळखीचा म्हणून. आबादादाने निरोप पाठवला, वाजवू नको. काळा गॉगल लावून तो ओट्याच्या कोपऱ्यात बसायला लागला. आईला त्याने कधी एका शब्दाने दोष दिला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मावशीला रडता तरी आलं असतं.

मावशीने बांधणं बंद केलं. सहाण आतल्या माळ्यावर टाकली. पण माणसं यायची थांबेनात. "सोडलं मी," एवढंच सांगून ती आत जायची. गावात मात्र वेगळंच पसरलं. म्हातारीने नियम मोडला, पोराला मधेच दवाखान्यात नेलं, म्हणून नागिणीने डोळा घेतला. हे मी माझ्या कानांनी पिठाच्या गिरणीत ऐकलं, आणि दळण तिथेच टाकून त्या बाईशी भांडले. उपयोग शून्य.

दिवाळीनंतर मी गेले होते तेव्हाची गोष्ट. सकाळी मोटारसायकलवर एक जोडपं आलं. बाईने डोक्यावरचा पदर अर्ध्या तोंडावर ओढलेला. नवरा ओट्याखाली चपला काढून हात जोडून उभा. बायकोचं नाव सत्यशीला, परवापासून कपाळ फुटलंय, लांबून आलोय, तेवढी रेघ ओढा.

"सोडलं मी," मावशी म्हणाली आणि वळली. मग थांबली. परत फिरून तिने त्या बाईचा पदर बाजूला केला. डाव्या कपाळावर फोडांचा पट्टा होता, आणि नाकाच्या शेंड्यावर, डाव्या अंगाला, मोहरीएवढा एक.

मावशीने दाराची चौकट धरली आणि हाक मारली. "आबा, हिकडं ये."

तो कोपऱ्यातून उठून आला.

"गॉगल काढ."

आबादादाने आईकडे पाहिलं. मग काढला. त्याने तो आमच्यासमोरही कधी काढला नव्हता. दिपालीने तोंड फिरवलं.

"बघ," मावशी त्या नवऱ्याला म्हणाली. "जवळ यिऊन बघ. माजा लेक हाय. त्याच्या नाकावर असाच फोड हुता. मी रविवारची वाट बघितली. आता हिला घिऊन असाच नगरला जा, डोळ्याच्या डाक्टरकडं. घरी जाऊ नको, भाकर खायला थांबू नको."

नवरा घाबरून व्हय व्हय म्हणाला. मी दवाखान्याचा पत्ता सांगितला. ती दोघं निघाली. आमच्या ओट्यावरून फाटा दिसतो. डावीकडे नगर, उजवीकडे शेवगाव. फाट्यावर गाडी थांबली, त्यांचं काहीतरी बोलणं झालं असावं. आणि ती उजवीकडे वळली. रविवार होता.

आबादादा एका डोळ्याने ते बघत होता. "म्हाताऱ्याकडं निघालीत," तो म्हणाला. "मला बघूनबी तिकडंच."

मला वाटलं, आता मावशी आत जाईल. ती चपला घालत होती. "गाडी काढ," ती म्हणाली. बांधणाऱ्याने कोणाच्या दारी जायचं नाही हा नियम तिने जन्मभर पाळला होता. आबादादाने पडवीतली धूळ खात पडलेली मोटारसायकल बाहेर ओढली. मी ओरडले, "दादा, वारा लागेल, कपाळ..." त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. उपरणं डोक्याला गुंडाळलं, मावशी मागे एका बाजूला बसली, आणि दोघं उजवीकडे गेली.

दुपार उलटल्यावर परत आली. मावशीचा उजवा तळहात लालभडक होता. मी विचारलं, गाठलं का?

"सहान पुढं घिऊन बसला हुता," ती म्हणाली. "मी गेरूवरच हात ठिवला. म्हनलं, आधी माज्या लेकाचा डोळा परत दे, मंग हिला लाव. सात-आठ मानसं बसली हुती बांधून घ्यायला. त्यांच्याम्होरं सांगितलं. म्हनलं, ह्यो बांधतो तेच मीबी जलमभर बांधलं. माज्या हातात काय न्हाई, ह्याच्याबी न्हाई. नुसता गेरू हाय." ती हात धुवायला रांजणाकडे गेली. "गेली ती बाई नगरला. तिच्या नवऱ्यानं मला वंगाळ शिवी दिली, पन गेला."

ती शिवी देणारा, ती सात-आठ माणसं, उद्या गावभर काय बोलतील ते मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं.

आबादादा आतल्या खोलीत जाऊन पडला होता. वाऱ्याने त्याचं कपाळ पेटलं होतं, उशीची कड दातात धरून तो कण्हत होता. दिपालीने गोळी दिली. मावशी ओल्या हाताने त्याच्या उशाशी जाऊन बसली. सवयीने तिचा हात त्याच्या डोक्याकडे गेला आणि वरच थांबला. जिल्हाभराच्या माणसांच्या डोक्यावर ठेवलेला हात. तिथे ठेवला असता तर तो ओरडला असता. तिने तो काढून घेतला, त्याच्या पायांशी सरकली आणि पाय दाबायला लागली.